थुकेलाच्या काठी, गोगोच्या घरी

शनिवार

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून म्सिंगा या झुलूंच्या ग्रामीण भागात जायचं तर पीटरमारित्झबर्गपर्यंत हमरस्ता, पुढे ग्रेटाउन, आणि ग्रेटाउन मागे पडलं की थोड्याच वेळात मुलूख बदलतो. तोवर ऊस, वॅटल, निलगिरी. सगळं हिरवं, ओळीत लावलेलं, तारेच्या कुंपणात. मग रस्ता वळणं घेत खाली उतरतो, हवा तापते, आणि बाभळीच्या जातीची काटेरी झाडं, माणसाहून उंच कोरफडी, माती वाहून गेलेल्या घळी सुरू होतात. त्या उघड्या टेकड्यांवर नजर जाईल तिथे घरं. चांगली जमीन वर राहिली, माणसं खाली आली. एकोणिसाव्या शतकात नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने आफ्रिकन लोकांसाठी अशा जागा ‘लोकेशन’ म्हणून आखून दिल्या. १९१३च्या जमीन कायद्याने त्यावर शिक्का मारला: काळ्या बहुसंख्येला देशाची जेमतेम ७ टक्के जमीन, १९३६नंतर वाढवून १३. ही रेघ कुठून गेली ते आजही नकाशाशिवाय दिसतं.

मी डर्बनमध्ये हिशेबाच्या खात्यात काम करतो. मूळचा बारामतीकडचा, नीरा कालव्याच्या टेलचा, म्हणजे पाणी शेवटी पोचतं त्या टोकाचा. गाडी चालवत होता तो माझा सहकारी. त्याचं घर म्सिंगात. २७ एप्रिलचा स्वातंत्र्यदिन रविवारी आला म्हणून सोमवारी सुट्टी, गुरुवारी कामगार दिन; मधल्या दोन रजा टाकल्या की आठवडा मोकळा. घरी त्याच्या पुतणीचा विधी होता. ‘शेती बघायची म्हणतोस ना, चल,’ एवढंच निमंत्रण.

एम्पांझाच्या खोऱ्यात त्याने गाडी हळू केली. हा बांबाथाचा मुलूख. झोपडीमागे कर नाताळात १८४९पासून होताच. १९०५मध्ये प्रत्येक प्रौढ पुरुषावर एक पौंडाची डोईपट्टी आली. रोख पैसा शेतात उगवत नाही, म्हणजे गोऱ्याच्या मळ्यावर नाहीतर खाणीत जा, हा त्यातला खरा हिशेब. १९०६मध्ये झोंडी कुळाचा प्रमुख बांबाथा उठला आणि सरकारने ते बंड तोफा-बंदुकांनी चिरडलं. गांधी तेव्हा इथेच होते, जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीयांच्या तुकडीसोबत. त्यांच्या वाट्याला आले ते चाबकाने सोललेले झुलू, ज्यांच्या जखमा धुवायला गोरे तयार नव्हते. ही लढाई नव्हे, माणसांची शिकार होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. आपल्या गिरमिटियांवर, करार संपल्यावर इथेच राहिले तर, तेव्हा तीन पौंडांचा वेगळा कर होता. गोखले १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत आले तेव्हा तो रद्द करण्याची मागणी त्यांनी सरकारपुढे मांडली. एकाच राज्यात एक पौंडवाले आणि तीन पौंडवाले. मित्राला गांधी ठाऊक होते, गोखले नाही. मला बांबाथा ठाऊक नव्हता. फिट्टंफाट.

थुकेला नदीवर पूर्वी माणसं पलीकडे नेणारी होडी चालायची, म्हणून गावाचं नाव टुगेला फेरी. आता पूल आहे, पुलापलीकडे टॅक्सीतळ, फळवाल्या बायका आणि चर्च ऑफ स्कॉटलंड हे रुग्णालय. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची जी बातमी २००६मध्ये जगभर गेली ती इथली: ५३ रुग्ण सापडले, त्यातले ५२ दगावले; ज्यांची तपासणी झाली ते सगळे एचआयव्हीबाधित निघाले. मित्राने त्या इमारतीकडे हनुवटीनेच खूण केली. त्याची मोठी बहीण त्याच काळात गेली. तिची दोन मुलं गोगोने, म्हणजे त्यांच्या आजीने वाढवली.

डांबरी रस्ता सोडल्यावर एका झाडाखाली पांढरे रंगवलेले दगड गोलाकार मांडलेले दिसले, आत पांढऱ्या झग्यांतली अनवाणी माणसं. हे शेंबेचे लोक. इसाया शेंबे यांनी १९१०च्या सुमारास काढलेल्या पंथाचे. ते शनिवार पाळतात.

घराच्या फाटकाशी गाडी बंद करून आम्ही बाहेरच उभे राहिलो. मित्राने ‘एकुह्ले!’ अशी हाळी दिली. स्वतःच्याच घरी हाळी कशाला, असं मला वाटलं. पण पाहुणा बरोबर असला की पाहुण्याच्याच रीतीने यायचं. आतून ओ आल्यावरच पाय पुढे.

उमुझी म्हणजे एकच घर नव्हे, घरांचा कुटुंबकबिला. उतारावर मध्ये काटेरी फांद्यांचा आणि खांबांचा गोल गोठा, त्याला इसिबाया म्हणतात. त्याच्या वरच्या अंगाला अर्धवर्तुळात घरं. एक गोल, गवताने शाकारलेलं. बाकीची सिमेंटच्या ठोकळ्यांची, पत्र्याची, एकावर टीव्हीची छत्री. कोपऱ्यात हिरवी पाण्याची टाकी, पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला. गवताच्या, मधाच्या पोळ्याच्या आकाराच्या जुन्या झोपड्या आता पर्यटकांसाठी बांधलेल्या गावांतच उरल्यात.

गोल घरात वाकून शिरलो. मी उजवीकडे, पुरुषांच्या बाजूला, चटईवर. बायका डावीकडे. दारासमोरचा मागचा भाग रिकामा आणि स्वच्छ, त्याला उमसामो म्हणतात, पूर्वजांची जागा. जमीन शेणाने सारवलेली आणि घासून चकचकीत. हे काम सुनेचं, आठवड्यातून एकदा. जमिनीवरून बोटं फिरवली तेव्हा गोगोने मान वर करून पाहिलं, आणि मी आमच्याकडेही शेणाने सारवतात असं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. भारतीय म्हणजे डर्बनचा दुकानदार, हीच तिची समजूत. तिथून पुढे तिने मला ‘म्न्तानामी’, माझ्या लेकरा, म्हणायला सुरुवात केली.

हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराला लावायचा. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे उभं राहायचं नाही: मोठी माणसं बसलेली असताना आपण उंच राहणं हा उद्धटपणा. सून, म्हणजे मकोटी, गुडघ्यांवर येऊन पाणी ठेवून गेली. डोक्याला रुमाल, खांद्यांवर शाल, एवढ्या उकाड्यातही. सासऱ्याच्या नावातली अक्षरं ती दुसऱ्या शब्दातसुद्धा उच्चारत नाही. आमच्याकडे निदान उखाण्यात तरी नाव घेता येतं.

जेवायला उफुथू, म्हणजे मक्याच्या पिठाचा मोकळा, भुरभुरीत शिजवलेला सांजा, आणि त्यावर आमासी. आमासी म्हणजे आपोआप विरजलेलं घट्ट दूध. पूर्वी ते भोपळ्यात विरजायचं आणि फक्त कुळातल्या माणसांनी खायचं. नव्या सुनेलाही रीतसर परवानगी मिळेपर्यंत सासरचं आमासी चालायचं नाही. आता दुकानात बाटलीत मिळतं, पण घरच्या गाईचं अजून जपून वाढलं जातं. माझ्या पुढ्यात वाडगा आला तसा मित्र म्हणाला, ‘झालं, आता तुझ्याकडूनही लग्नाला गाय मागणार.’

रविवार

दक्षिण आफ्रिकेचा स्वातंत्र्यदिन इथे कुणाच्या गावी नव्हता. तो ज्यासाठी पाळतात त्या १९९४च्या, सगळ्या वर्णांच्या पहिल्या मतदानाचं विचारलं तर गोगो म्हणाली, रांग मोठी होती आणि मतपत्रिकेवर खाली चिकटवलेली पट्टी होती. ती गोष्ट खरी आहे. झुलूंमधला इंकाथा पक्ष अगदी शेवटच्या आठवड्यात निवडणुकीत उतरला, तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या; मग त्याचं नाव प्रत्येक पत्रिकेवर चिकटवावं लागलं. त्याआधी या भागात पक्षापक्षांत किती खून पडले त्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही खोदून विचारलं नाही.

सकाळ पाण्यात गेली. सार्वजनिक नळ आहे, नळाला पाणी असेलच असं नाही. मुली वीस-पंचवीस लिटरच्या बादल्या डोक्यावर घेऊन येतात. मुलगे हातगाडीवर डबे लादतात. या फरकाकडे बोट दाखवलं तेव्हा मोठी नात हसली, ‘हातगाडी एकच आहे.’

दुपारी रविवारचं जेवण. याला सगळ्या देशात ‘सेव्हन कलर्स’ म्हणतात: भात, कोंबडी, लाल भोपळा, बीट, कोबी, बटाटा, पालेभाजी, ताटात जितके रंग तितकं चांगलं. भात रविवारचाच, उरलेले सहा दिवस मका. कोंबडीत करी पावडर होती. डर्बनच्या भारतीयांकडून आलेला हा मसाला आता झुलू चुलीवर कायमचा बसला आहे. गोगोला तो परका वाटतच नाही.

मागच्या बाजूला उत्श्वाला तयार होत होती. ज्वारीला मोड आणून वाळवायचे, दळायचे, मक्याच्या पिठाबरोबर शिजवून आंबवायचं. काही दिवसांचं काम आणि पूर्ण बायकांचं. आज गाळायचा दिवस. गवताने विणलेली लांब गाळणी पिळायला दोघी लागल्या, शेजारणी मदतीला आल्या. चोथा कोंबड्यांना. पिंपाला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते. गोगोने एकदा ऐकलं आणि म्हणाली, उद्या सकाळी बरोबर.

सोमवार

मित्राचा धाकटा भाऊ रात्रभर प्रवास करून जोहान्सबर्गहून पहाटे पोचला. त्याच्याच मुलीचा विधी: इम्बेलेको, मुलाला पूर्वजांच्या ओळखीत आणायचं. खरं तर तान्हेपणीच करायचा, पण शेळीला आणि प्रवासाला पैसे जमेपर्यंत मुलगी चालायला लागली.

मखुलू, म्हणजे आजोबा, उमसामोपुढे बसले. खापरावर इम्पेफो ठेवून पेटवलं. ही डोंगरातली एक सुकी वनस्पती. तिचा धूर गोडसर आणि जड. त्यांनी कुळाची स्तुतिनामं म्हटली, मग गेलेल्यांची नावं, एकेक करून, शांतपणे, आणि सांगितलं की ही पोर तुमची आहे, ही शेळी तिच्यासाठी आहे, तिच्यावर नजर ठेवा. मध्येच खोकल्याची उबळ आली. सगळे थांबले. मग जिथे सुटलं होतं तिथून नावं पुढे सुरू झाली. मोठ्या मुलीचं नाव घेताना गोगोने जमिनीकडे पाहिलं.

शेळी आत आणून उभी केली. ती ओरडली की पूर्वजांनी ऐकलं असं धरतात. आमची शेळी बराच वेळ ढिम्म. मुलांमध्ये खसखस पिकली, मखुलूंनी डोळे वटारले. अखेर ती ओरडली आणि दाराशी उभ्या बायकांनी आनंदाने आवाज काढला. पुढचं काम गोठ्यात, पुरुषांचं. पित्ताशय काळजीपूर्वक काढून पित्त मुलीच्या हातापायांवर शिंपडलं. कातड्याची पट्टी कापून तिच्या मनगटात घातली. हा इसिफान्ड्ला वाळून आपोआप गळेपर्यंत तिथेच राहायचा. डर्बनमध्ये ऑफिसात, बसमध्ये, बँकेत सुटाबुटातल्या माणसांच्या मनगटावर असे केसाळ पट्टे मी रोज पाहत आलो होतो.

त्या शेळीचं मांस आज शिजवायचं नाही. ते उमसामोपाशी झाकून ठेवलं. रात्री पूर्वजांनी चाखायचं, उद्या घराने. आलेल्या लोकांसाठी कोंबड्या आणि उफुथूची मोठी तीनपायी काळी भांडी वेगळी. किती लोक आले ते कुणी मोजलं नाही, कारण कुणाला बोलावलंच नव्हतं. धूर दिसला, आवाज ऐकला, माणूस आला.

उत्श्वाला उखाम्बात आली. काळं, गोल, मातीचं भांडं, वर विणलेलं झाकण. धूर देऊन काळं केलेलं आणि चरबीने घासलेलं. पहिलं छोटं भांडं उमसामोला. मोठ्यातलं आधी वाढणारी बाई गुडघ्यांवर बसून पिते. विष नाही हे दाखवायला, असं एक म्हातारा मला हसत म्हणाला. मग वयाच्या क्रमाने. टोपी काढायची, बसूनच प्यायची, दोन्ही हातांनी. चव आंबट, पातळ पेजेसारखी, थोडी मातकट. मला आवडली. वयाच्या क्रमात माझी पाळी बऱ्याच उशिरा आली, एवढीच तक्रार.

संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर मास्कांदी, म्हणजे झुलू गिटारसंगीत, लागलं. गिटारची सुरुवातीची झपाझप तान संपते न संपते तोच पोरं पाय डोक्याच्या वर नेऊन जमिनीवर आपटायला लागली. मकोटी अजून भांडी घासत होती.

मंगळवार

पहाटे गोगो निघून गेली होती. मी मोठ्या नातीबरोबर टेकडी उतरलो. वरच्या बाजूला पावसावरची शेतं, वाळलेला मका उभा, त्यात भोपळ्याचे वेल आणि मधेमधे भुईमुगासारख्या जमिनीत शेंगा धरणाऱ्या इझिन्ड्लुबू. मेपासून जुलैपर्यंत ही कापणी चालते. कणसं काढली की कुंपण उघडून गुरं आत सोडतात. आलेलं पीक घरीच खायचं. काही वर्षी तेही होत नाही.

खाली नदीकाठी मात्र डोळे निवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थुकेलाचं पाणी वळवून काढलेला कालवा, त्यावर सुमारे ८४० हेक्टर भिजतात. जमीन ‘बेड’मध्ये वाटलेली, एक बेड ०.१ हेक्टरचा. मनात गणित केलं आणि उभा राहिलो: जवळजवळ दहा गुंठे. सात हजार किलोमीटरांवर येऊन माणसं गुंठ्यात शेती करताना दिसली. कुणाचा एक वाफा, कुणाचे पाच. गोगोचे तीन, तेही वेगवेगळ्या ठिकाणी: एकात कोवळा मका, एकात रताळी, एकात कोबीची रोपं नुकतीच लावलेली. खोऱ्यात दंव फारसं पडत नाही, म्हणून वरच्या गावांत हिवाळ्यात जे जमत नाही ते इथे पिकतं. म्सिंगाचा जोर यावर.

आणि शेतात सगळ्या बायका. खुरपणारी बाई, सरी फोडणारी बाई, डोक्यावर कोबीचं पोतं घेऊन बांधावरून चालणारी बाई. काहींच्या डोक्यावर म्सिंगाची रुंद लाल टोपी. ही विवाहितेची खूण. जमीन मात्र बहुतेक नवऱ्याच्या, बापाच्या नाहीतर मुलाच्या नावाने मिळते. ‘नावाने’ म्हणावं का, हाही प्रश्नच. सातबारा नाही. क्वाझुलू-नाताळ या इथल्या प्रांतातली सुमारे २८ लाख हेक्टर जमीन १९९४मध्ये इंगोन्यामा ट्रस्टकडे गेली, त्याचा विश्वस्त झुलू राजा. प्रत्यक्षात वाटप करतो तो इनकोसी, म्हणजे स्थानिक प्रमुख, आणि त्याचा इंडुना, म्हणजे हाताखालचा कारभारी. कसायला मिळते, पिढ्यान् पिढ्या राहते, पण विकता येत नाही आणि गहाणही पडत नाही. ट्रस्टने लोकांकडून भाडेकरार करून घ्यायला सुरुवात केली होती. २०२१मध्ये पीटरमारित्झबर्गच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. जमीन बँकेच्या घशात जात नाही हे चांगलं. पण बँक उभीही करत नाही, म्हणून खत घ्यायचं तर रोख.

आज गोगोच्या भागाची पाळी होती. पाणी सकाळी यायचं, दहा वाजले तरी चारी कोरडी. कालव्याच्या काँक्रीटला तडे, त्यातून पाझर. वरचे लोक पाळी नसताना दार उघडतात. ज्याने बघायचं तो सुट्टीवर. हे सगळं ती झुलूत ओरडून सांगत होती आणि नातीने इंग्रजी करायच्या आत मला समजत होतं. टेलच्या माणसाला यासाठी दुभाषा लागत नाही. अकराच्या सुमाराला पाणी आलं. मी बूट काढले, कुदळ घेतली आणि दारं धरली. एक सरी भरली की माती ओढून बंद, शेजारची उघड. लहानपणी रात्रीच्या पाळीला वडिलांबरोबर हेच केलं होतं. हात विसरले नव्हते. पलीकडच्या वाफ्यांतल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. पुरुषाने, त्यातून भारतीयाने, पाणी धरावं! एकीने काहीतरी म्हटलं आणि सगळ्या कंबरेवर हात ठेवून हसल्या. नातीने त्याचं भाषांतर करायला साफ नकार दिला.

दुपारी व्यापाऱ्याचा पिकअप आला. हे लोक शहरांतून येतात, वाफ्याच्या कडेला गाडी लावतात आणि डझनावर कणसं मोजून घेतात. गोगोने एक कणीस सोलून दाण्याला नख लावलं, दूध उडालं, माल उत्तम. त्याने भाव सांगितला. तिने मान हलवली. तो म्हणाला, दोन दिवसांत दाणा टणक होईल, मग कोण घेणार? ती म्हणाली, तुला हवं असेल तर ये, आणि रताळ्याच्या वेलांकडे वळली. तो गेला. शेजारणीने मात्र त्याच भावाला माल दिला.

मी हिशेबनीस, राहवलं नाही. बांधावर बसून वही काढली: रोपं, खताचं पोतं, ट्रॅक्टरचं भाडं, औषध. तीन वाफ्यांतून हंगामाला जे सुटतं त्यापेक्षा दोघा म्हाताऱ्यांची सरकारी पेन्शन कितीतरी जास्त. साठीनंतर, उत्पन्न कमी असेल तर, माणशी महिन्याला २०२५मध्ये सुमारे २३०० रँड मिळत होते, म्हणजे आपल्या दहा-अकरा हजार रुपयांच्या घरात. लहान मुलामागे साडेपाचशेच्या आसपास वेगळे. शिवाय दोन मुलगे शहरातून पाठवतात ते. म्हणजे घर शेतीवर चालत नाही, असं मी मित्रामार्फत गोगोला ऐकवलं. तिने वहीकडे पाहिलं. ‘पेन्शन माझ्याबरोबर मरेल,’ ती म्हणाली. ‘वाफा मरणार नाही.’ मग थोडं थांबून: ‘आणि पेन्शन येते म्हणून तर त्या माणसाला आज परत पाठवलं.’

हे माझ्या वहीत नव्हतं. शेजारीण साठीची व्हायला अजून अवकाश आहे. घरात पीठ संपलं तर तिला आजच्या आज विकावंच लागतं.

रात्री कालची शेळी शिजली. फक्त मीठ.

बुधवार

गुरांच्या डिपिंगचा दिवस, म्हणून आज राज्य मखुलूंचं. उजाडायच्या आत ते काठी घेऊन गोठ्याशी. सरकारी हौद तासाभराच्या चालीवर. पोरं सुट्टीवर असल्याने मदतीला होती. एरवी शाळा लागल्यापासून राखणीला कुणी नसतं आणि म्हातारेच टेकडीवर फिरतात.

डिपचा हौद म्हणजे जमिनीत खोदलेला अरुंद, खोल चर, औषधाच्या पाण्याने भरलेला. गुरं एकामागे एक अरुंद वाटेने आणतात. पहिली गाय कचरते, मागून रेटा येतो, ती उडी मारते, शिंगांपर्यंत बुडते, पोहत पलीकडे चढते आणि अंग झाडून सगळ्यांना भिजवते. गोचीड मरतात. ही पद्धत इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, गोचिडांमुळे पसरणाऱ्या ईस्ट कोस्ट तापामुळे. त्याआधी १८९६-९७मध्ये बुळकांडीने झुलूंची बहुतेक गुरं संपवली होती. गुरं गेली तसे वराने गुरांत द्यायचे हुंडे अडले, विधी अडले, आणि माणसं खाणींकडे निघाली. सध्या धास्ती लाळ्या-खुरकुताची. २०२१पासून तो या प्रांतात ठाण मांडून आहे. जनावरांच्या ने-आणीवर बंधनं. हौदाच्या कठड्यावर टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. सरकारी माणूस वहीत प्रत्येकाची गुरं मोजून टिपतो. ज्याची कमी भरली त्याला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागतं.

मखुलूंची गुरं न्गुनी जातीची, आखूड, चिवट. अंगावर असे ठिपके आणि पट्टे की दोन सारखी नाहीत, आणि प्रत्येक नक्षीला नाव. बारीक ठिपक्यांची एक पांढुरकी गाय दाखवून ते म्हणाले, ‘आमाकांडा काहुये’, चंडोलाची अंडी. अंडी जमिनीवर पडलेली बघितली असतील तर कळेल, असंही वर. मी नव्हती बघितली. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती शाळेतल्या मास्तरांची होती.

एखादी विकत का नाही, हा प्रश्न मी टाळलाच होता, पण त्यांनी आपणहून सांगितलं. २०१५-१६च्या दुष्काळात कितीतरी मेली. तेव्हा विकली असती तर पैसे आले असते, हे खरं. पण पैसे मुलं मागतात. गाय मुलं मागत नाहीत. शिवाय पूर्वजांशी बोलायचं ते इसिबायात उभं राहून, रिकाम्या गोठ्यात काय बोलणार? जुन्या काळी बायकांना त्या गोठ्यात पाय टाकायची मुभा नव्हती; आजही मकोटी लांबून वळसा घेते.

परतताना चढावर ते तीनदा थांबले. वीसहून जास्त वर्षं ते सोन्याच्या खाणीत होते, जमिनीखाली, दगड फोडायच्या कामावर. छातीत धूळ बसली आहे. खाणकामगारांच्या सामूहिक दाव्यात २०१९मध्ये न्यायालयाने सुमारे पाच अब्ज रँडचा समझोता मंजूर केला. त्यांचा अर्ज आहे, तपासणी झाली आहे, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलेत. त्यांनी ती पिशवी मला दाखवली. इंग्रजी पत्र वाचून दाखव म्हणाले. पत्रात आणखी एक कागद मागितला होता.

संध्याकाळी मित्राचा विषय निघाला. त्याचं लग्न ठरायचं आहे. लोबोला, म्हणजे वराकडून वधूच्या घरी जाणारा हुंडा, अकरा गाई: दहा वधूच्या घराला, अकरावी खास तिच्या आईची. दहाचा आकडा १८६९मध्ये वसाहत सरकारच्या शेपस्टोनने कायद्यात बांधला आणि आज लोक तो परंपरा म्हणून सांगतात. आता गाय बहुधा कागदावरच असते, एकेकीची रोख किंमत ठरते. वाटाघाटी त्याने करायच्या नाहीत. घरची मोठी माणसं पहाटे मुलीच्या फाटकाशी उभी राहून हाळी देणार. सहा गाईंचे पैसे झालेत. उरलेल्या पाचांसाठी तो डर्बनमध्ये रात्रीच्या पाळ्या घेतो. हुंडा उलट्या दिशेने गेला तरी कर्ज तरुणाच्याच डोक्यावर, असं मी म्हणालो. तो म्हणाला, ‘तुमच्याकडे मुलीचा बाप काढतो ना?’ मी गप्प बसलो.

गुरुवार

निघताना डिकीत रताळी, कोबी आणि कणसं. नको म्हणायची सोय नव्हती. दोन्ही हात पुढे करून घ्यायचं, एका हाताने घेतलं तर अपमान. मी गोगोसाठी डर्बनहून आणलेली चहाची पुडी तिने लगेच कुलुपात टाकली.

ग्रेटाउनच्या चढाला मोबाईलला रेंज आली आणि मित्राच्या फोनवर गोगोचा लांबलचक आवाजी निरोप वाजला. मागे मास्कांदी, कुत्रा, कुणाचं तरी रडणं. पिकअपवाला सकाळी परत आला होता. डझनामागे पाच रँड वाढवून देतो म्हणाला. तिने अर्धाच मका दिला आणि उरलेल्याचा भाव पुढच्या आठवड्यात बोलू म्हणून सांगितलं. शेवटी माझ्यासाठी एक वाक्य होतं. मित्राने गाडी चालवतच सांगितलं: वही घेऊन परत ये, पाण्याची पाळी पुढच्या मंगळवारी आहे.